आज मधली कोणची?

फोनच्या पडद्यावर ‘हिंगोली’ उमटलं आणि मी सवयीनं म्हणाले, “बोल, हिंगोली.” पलीकडून काहीच आलं नाही. रेंज गेली असेल म्हणून गॅलरीत येऊन पुन्हा तेच म्हणाले, जरा मोठ्यानं. मग दुसराच आवाज चाचरत म्हणाला, “मावशी, मी सुजाता बोलून राहिले. आई गेली... आज सकाळी.” सुजाता ही वत्सलाची मुलगी. मला कळवायला तिला बिचारीला दुपार झाली, कारण आईच्या फोनमध्ये ती ‘शालिनी’ शोधत होती, ‘शालूमावशी’ शोधत होती, आणि मी तिथं ‘परभणी’ या नावानं होते. याला आता महिना होऊन गेला. रडणं झालं, हिंगोलीला जाऊन येणं झालं. आता उरलंय ते कुतूहल. वत्सला मला नेमकी कशी लाभली, याचं. दोन वर्षं जिचा चेहराही पाहिला नव्हता, ती बाई माझी सगळ्यात जवळची मैत्रीण कशी झाली, हे आजही मला नीट सांगता येत नाही. तरी सांगून बघते.

वत्सला खिल्लारे आणि मी, दोघी टेलिफोन ऑपरेटर. ती हिंगोलीच्या फोन जोडायच्या बोर्डावर, मी परभणीच्या. गोष्ट सत्तरच्या दशकातली. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेला नव्हता, परभणी जिल्ह्यातला तालुका होता, आणि बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल नोंदवून वाट बघत बसावं लागे. हिंगोलीहून सांगलीला बोला, औरंगाबादला बोला, आवाज आधी परभणीला माझ्या बोर्डावर येणार आणि मग मी तो पुढं जोडून देणार. या दोन गावांमध्ये तारांच्या तीन जोड्या होत्या. आम्ही त्यांना लाइन म्हणायचो. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. एका लाइनवर एका वेळी एकच बोलणं. म्हणजे अख्ख्या तालुक्यातून, मोंढ्यातले, म्हणजे घाऊक बाजारातले, हळदीचे अडते धरून, एका वेळी फक्त तीन माणसांना बाहेरच्या जगाशी बोलता यायचं. हे सांगितलं की माझी नातवंडं हसतात. हसू देत. त्या तीन लाइनींवर किती लग्नं जमली, किती हळद विकली गेली, ते आम्हाला ठाऊक.

ऑपरेटर एकमेकींना नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. त्यामुळे वत्सलाचं माझ्या कानात पडलेलं पहिलं वाक्य होतं, “परभणी, लाइन सोड. माझा कॉल आधी हाय.” मी म्हणाले, “हिंगोली, घंटी मी आधी दिली.” “न्हाई, मी दिली.” झालं असं होतं की दोघींनाही शिकवलेलं एकच, सुरुवात एक नंबरपासून करायची. ती मोकळी नसेल तर दोन नंबर. मग व्हायचं काय, तिनं तिकडून आणि मी इकडून एकाच क्षणी एक नंबरात दोरी, म्हणजे जोडणीची वायर, खुपसायची, आणि दोघींच्या घंट्या एकमेकींवर आदळायच्या. याला आम्ही टक्कर म्हणायचो. दिवसाकाठी इतक्या टकरा व्हायच्या की आमची ओळख भांडणातूनच वाढली. चांगली खमकी होती. माघार घेताना म्हणायची, “जा, घे. उद्या मी न्हाई सोडनार.” आणि दुसऱ्या दिवशी खरंच सोडायची नाही.

दुपारी मोंढा जेवायला गेला की बोर्ड शांत व्हायचा. मग वत्सलाच्या प्रश्नांची वेळ. तसे प्रश्न मी जन्मात कुणाकडून ऐकले नाहीत. एकदा एका अडत्यानं तिला म्हटलं होतं, “बाई, तीन लाइनी हायेत ना तुमच्याकडं? मग तिन्ही मलाच लावा, माझं बोलणं तीनपट लवकर उरकंल.” आपण हसून सोडून दिलं असतं. वत्सला नाही. ती मला विचारते, “काहून होत न्हाई गं तसं?” मी म्हणाले, “अगं, माणसाचं तोंड एकच ना.” तिचं समाधान नाही. “समज, वाक्य तोडून तीन ठिकानांहून पाठवलं. एक तुकडा इकडून, एक तिकडून.” मग तीच म्हणाली, “न्हाई जमनार. ‘भाव पडला’ आधी पोचलं आन् ‘असं लोक म्हनतेत, खरं न्हाई’ मागून रेंगाळत आलं, तर मधल्या वेळात सांगलीवाला हळद विकून मोकळा होईन. एका मानसाचं बोलनं एकाच तारेवरून गेलं पायजे.” हे तिनं इतक्या गंभीरपणे सांगितलं की मी हसायचं विसरले.

आता कुणी विचारेल, एक नंबरावर एवढी मारामारी, दोन नंबर कायम तुडुंब, मग तीन नंबर काय करत होती? तीन नंबर आराम करत होती. हिंगोलीचे मोठे ऑपरेटर गंगाधरराव हे निजामाच्या राज्यात नोकरीला लागलेले गृहस्थ. मनानं लोण्यासारखे, पण शिस्त जुनी. तीन नंबर त्यांनी साहेबांसाठी राखून ठेवली होती. घरात पाहुण्यांचा चहाचा सेट कपाटात असतो ना, तशी. “ऐन वेळी साहेबांचा फोन आला आणि लाइन मोकळी नसली तर? बेअदबी होईल,” असं त्यांचं म्हणणं. परभणीतही आम्ही त्यांचं ऐकायचो. मोंढ्यातले लोक ताटकळत बसायचे, आणि ती चांगली तांब्याची लाइन, जिच्यावर आवाज सगळ्यात स्वच्छ यायचा, दिवसदिवस मुकी असायची. साहेब लोक हिंगोलीला फारसे फोन करत नसत. चहाच्या सेटची ही उपमा मी एकदा वत्सलाला ऐकवली, तर ती म्हणाली, “बाजूला ठेवलेला कप मला लहानपनापासून ठावं हाय, परभणी. आमच्या कुरुंद्याच्या हाटेलात आमच्या लोकांसाठी एक वेगळा होता, कान तुटका. ह्यो मानाचा, तो अपमानाचा. पन बाजूला ठेवलं की दोन्ही कप सारखेच, कुनाच्या कामाचे न्हाईत.” ट्रंक कॉलचा वेळ भरला की गिऱ्हाइकाला सांगायचो, त्याच सुरात मी म्हणाले, “तीन मिनिटं झाली.” ती हसली. बरं झालं हसली.

मग आला मोजणीचा आठवडा. खातं अधूनमधून मोजून घ्यायचं, कोणत्या लाइनवर किती कॉल गेले. मोजणी पाहायला विभागाचे इंजिनिअर साहेब हिंगोलीला आले. जाड चष्मा, कमी बोलणं. त्यांना दिसलं, तीन नंबर जवळजवळ रिकामी. त्यांनी सरळ हिशेब केला. हिंगोलीला तिसऱ्या लाइनची गरज नाही, ती काढून दुसऱ्या गावाला देऊ. पुढच्या मोजणीपर्यंत बघू, मग हुकूम काढू. आणि लाइनी दोनच राहिल्या तर बोर्डावर एवढी माणसं कशाला? एक जागा कमी. सगळ्यात शेवटी लागलेली, अजून कायम न झालेली, वत्सला. तिच्या घराण्यात खुर्चीवर बसून करायची नोकरी लागलेली ती पहिली. आईला कुरुंद्याहून आणून तिनं हिंगोलीत एक खोली भाड्यानं घेतली होती. आई शेतात निंदणी-खुरपणी करून करून कमरेत वाकली होती, आता तिला कामावर पाठवायचं नाही असं लेकीनं ठरवलेलं. त्या दिवशी लाइनवर तिचा आवाज अगदी सपाट आला. “परभणी, तीन नंबर चालली. तिच्यासंगं मी बी.”

मी घाबरले. ती मात्र दुसऱ्याच दिवशी गंगाधररावांसमोर जाऊन उभी राहिली. “काका, साहेबासाठी लाइन ठेवली, बराबर हाय. पन लाइनच गेली तर साहेबाला काय देसाल?” गंगाधरराव बराच वेळ सुपारी कातरत राहिले म्हणे. मग म्हणाले, “खोल, बेटी. तिन्ही खोल.” तिन्ही खुल्या झाल्या तरी टकरा थांबेनात, कारण सवयीनं दोघीही एकपासूनच सुरू करत होतो. तेव्हा तिनं एक साधी युक्ती काढली. “असं कर. मी एकपासून वर येते, तू तीनपासून खाली ये. हिंगोलीचा कॉल आधी एकवर, परभणीचा आधी तीनवर. मंग भांडन कशाचं?” आणि खरोखर, दुसऱ्या दिवसापासून टकरा जवळजवळ बंद. मोंढ्यातल्या लोकांना वाटलं, खात्यानं नवीन लाइन टाकली. एका अडत्यानं तर तिला पेढे आणून दिले. तिनं निम्मे माझ्यासाठी परभणीला येणाऱ्या कंडक्टरकडे दिले. ते माझ्यापर्यंत पोचले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

आम्ही खुशीत होतो. पुढच्या मोजणीच्या आधी आपणच एकदा मोजून बघू म्हणून दोघींनी आपापल्या बाजूनं मोजलं. एक नंबर भरलेली, तीन नंबर भरलेली, आणि आता दोन नंबर रिकामी! उघड होतं. ती एकपासून चढणार, मी तीनपासून उतरणार, मधलीवर कुणी केव्हा पोचणार, तर एक आणि तीन दोन्ही अडकल्या तरच. साहेब म्हणणार, ठीक, तीन राहू द्या, दोन काढतो. एका लाइनीऐवजी दुसरी जाणार, एवढाच फरक. वत्सला चक्क हसत सुटली. “अगं परभणी, हे तर लई मजेशीर झालं!” मला राग आला. हिची नोकरी जाऊन राहिली आणि हिला मजा सुचते! पण ती तशीच होती. आधी नवल वाटायचं, भीती मागून यायची. म्हणाली, “हे असं फोनवर कळनार न्हाई. भेटू. रविवारी पूर्णेला ये. तुझी गाडी तिकडून, माझी इकडून.”

पूर्णा जंक्शन आम्हा दोघींच्या मधलं स्टेशन. मी आधी पोचले. मनात धाकधूक, हिला ओळखायचं कसं? आवाजावरून मी तिला उंच, गोरी, भांडकुदळ कल्पिलं होतं. हिंगोलीची गाडी लागली, गर्दी उतरली, आणि एक ठेंगणी, सावळी, हिरव्या काठाची साडी नेसलेली मुलगी फलाटाच्या मधोमध उभी राहून जोरात ओरडली, “परभणी! ए परभणी!” शेजारचे एक म्हातारबाबा तिला समजावू लागले, “बाई, हे पूर्णा हाय. परभणी पुढं हाय अजून.” मी धावत जाऊन तिचा हात धरला. आता हे लिहितानाही मला तिचा तो हात आठवतो... दोरी ओढून ओढून बोटांना पडलेले घट्टे, माझ्या बोटांना होते अगदी त्याच जागी.

फलाटावरच्या लाकडी बाकाला या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन लांब फळ्या होत्या. वत्सलानं पिशवीतून मूठभर चिंचोके काढले. “ह्या तीन फळ्या म्हंजे तीन लाइनी. तू त्या टोकाला बस, मी ह्या. चिंचोका ठेवला म्हंजे कॉल लागला, उचलला म्हंजे संपला.” अशा दोन नोकरदार बायका भर दुपारी बाकाच्या दोन टोकांना बसून चिंचोके मांडायला लागल्या. लोक बघत होते. चहावाल्यानं विचारलं, “कोन जिंकून राहिलं, बाई?” वत्सला म्हणाली, “कोनीच न्हाई भाऊ. मधली हरून राहिली.” आम्ही नाना तऱ्हा करून पाहिल्या. दोघींनी एकपासून सुरू केलं की आमचे हात एकमेकींवर आपटायचे. प्रत्येकीनं आपण मागचा कॉल जिथं ठेवला त्याच्या पुढच्या फळीवर ठेवायचा, असं केलं तर मोजणी समसमान यायची, पण हात पुन्हा आपटायचे. नुसती मोजणी समसमान येऊनही काही खरं नव्हतं. एका फळीवर मी मुद्दाम एक चिंचोका उचललाच नाही, लांबलचक बोलणाऱ्या माणसाचा म्हणून. ती फळी मोजणीत मागं पडली, आणि होती मात्र सगळ्यात अडलेली. पुन्हा पुन्हा फिरून गाडी तिथंच यायची. ती एकपासून, मी तीनपासून, हेच सगळ्यात बरं. आणि त्यात मधली ओस.

वत्सला बराच वेळ त्या मधल्या फळीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “मधली रिकामी हाय, म्हनून तर आपले हात एकमेकीला लागत न्हाईत. ती बिनकामाची न्हाई गं. ती वाट बघून राहिली.” मी म्हणाले, “हे साहेबाला कोण पटवणार?” तिनं चिंचोके गोळा केले आणि म्हणाली, “मंग मधलं कोनी व्हायचं, त्याची पाळी लावू. आज दोन मधली. उद्या तीन मधली. परवा एक.” इतकं सोपं. रोज सकाळी लाइनींचा क्रम बदलायचा. तिनं एका कडेनं यायचं, मी दुसऱ्या कडेनं, टक्कर नाही, आणि आठवड्याची बेरीज तिन्हींची जवळपास सारखी. तेव्हापासून रोज सकाळी बोर्डावर बसलं की तिचा पहिला प्रश्न यायचा, “परभणी, आज मधली कोणची?” मी सांगायची. तिला ठाऊक असायचंच. तरी विचारायची.

मोजणी झाली, साहेब आले, आकडे पाहिले. तिन्ही लाइनी सारख्या. ते खूश झाले आणि सही करायला पेन काढलं. तिथं मी असते तर तोंडाला कुलूप लावून बसले असते. पण साहेबांनी सहज विचारलं, “मागच्या वेळी एक रिकामी होती, या वेळी सगळ्या सारख्या. हे कसं केलं?” आणि वत्सलाबाईंना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देणं जमायचंच नाही. “साहेब, दर दिवशी एक लाइन कमीच चालती. कोणची, ते रोज बदलून राहिलो आमी.” गंगाधररावांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. पण ते चिडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, “म्हणजे दोनांवर भागतं का, हा प्रश्न उरलाच. बघू या. उद्या दिवसभर मधली लाइन वापरायची नाही, हिंगोलीनंही नाही आणि परभणीनंही नाही. मी इथंच बसतो.” त्या माणसालाही जाणून घ्यायचं होतं, हे मला आता कळतं. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात काय काय म्हणाले! कारण उद्या होती अमावस्या. अवसेला मोंढा बंद, म्हणजे कॉलही थोडे. गंगाधररावांनी तसं सांगितलंही, पण साहेबांना परवा दुसरीकडं जायचं होतं. वत्सलाची परीक्षा ठरली ती नेमकी पोरं नसलेल्या शाळेत.

त्या सकाळी मधली होती दोन नंबर. बोर्ड इतका शांत की मला तिकडच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. वत्सला मध्येच हळू आवाजात म्हणाली, “काहीच होत न्हाई गं. दोनावर भागून राहिलं.” साहेब पेपर वाचत होते. अकराच्या सुमाराला त्यांनी स्वतःच एक कॉल नोंदवला, औरंगाबादला, घरी. मुलीचा मॅट्रिकचा निकाल होता त्या दिवशी. आणि तेवढ्यात काय झालं, एक नंबरवर हिंगोलीच्या एका व्यापाऱ्याची लग्नाची बैठक सुरू झाली. मुलाकडचे जालन्याला, मुलीकडचे हिंगोलीत, मानपानावर गाडी अडलेली. तीन मिनिटं झाली, सहा झाली, वाढवा म्हणाले. तीन नंबरवर जिल्ह्याच्या कचेरीतून तहसिलीला कसलेसे आकडे सांगणं चालू झालं. एक एक आकडा, दोनदोनदा. सरकारी कॉल, तो तोडता येत नाही. दोन लाइनी, दोन हत्ती. आणि इकडं औरंगाबाद माझ्या कानात. साहेबांची मुलगी फोनवर आलेली, उतावीळ. “ताई, बाबांना द्या ना! मी पास झाले, फर्स्ट क्लास!” म्हणजे बापाच्या आधी मला कळलं. निकाल माझ्या कानात, बाप पलीकडं बोर्डासमोर बसलेला, आणि मध्ये रस्ता नाही.

होता, रस्ता होता. मधली होती, साहेबांच्याच हुकमानं बंद केलेली. मी एक श्वास घेतला आणि दोन नंबरात दोरी घालून घंटी दिली. वत्सलानं नंतर सांगितलं, घंटी आली की पडायची ती दोन नंबरची पितळी झडप बोर्डावर खट्कन पडली. तिनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी त्या झडपेकडं पाहिलं. मग म्हणाले, “उचला.” तिनं उचलली. “बोल, परभणी.” मी म्हणाले, “हिंगोली, साहेबांचं औरंगाबाद घे.” पुढचं मी ऐकायला नको होतं, पण ऐकलं. “बाबा, पास! फर्स्ट क्लास!” साहेब नुसतं “हो... हो...” करत राहिले. बोलणं संपल्यावर खोलीत गंगाधररावांचा आवाज आला, अगदी तृप्त, “मी म्हणत होतो ना, साहेबांचा फोन येईल एक दिवस.” आणि मग ते सगळे इतक्या मोठ्यानं हसले की मला हेडफोन कानापासून दूर धरावा लागला. जाताना साहेब म्हणाले, “राहू द्या तिन्ही.” वत्सलाची जागाही राहिली, आणि पुढच्या वर्षी ती कायम झाली. आईनं त्या दिवशी हिंगोलीतल्या गल्लीत साखर वाटली. माझ्या वाटची साखर वत्सलानं या वेळी कंडक्टरकडं दिली नाही, स्वतः पूर्णेला घेऊन आली.

तेव्हापासून वर्षातून एक रविवार पूर्णेचा. तिचं लग्न झालं, माझं झालं, लेकरं झाली, बोर्ड गेले, आपोआप जोडणारी यंत्रं आली. नवीन यंत्र बसलं तेव्हा वत्सला तिथल्या इंजिनिअरला विचारून आली, “हे कोन्या टोकापासून सुरू करते?” तो म्हणाला, दोन्ही बाजूंची यंत्रं उलट्या क्रमानं लावली आहेत, टक्कर नको म्हणून. तिला केवढा आनंद झाला! अलीकडं सुजाताचा मुलगा पुण्यात संगणकांच्या जाळ्याचं काम करतो. त्यानं आजीला सांगितलं, मोठ्या यंत्रांमध्ये चारचार तारा एकत्र बांधून एकच रस्ता धरतात, बोलणी तारांवर वाटून देतात, पण एक बोलणं मात्र एकाच तारेवर ठेवतात, नाहीतर मागचं पुढं होतं. आजीनं विचारलं, “बराबर हाय. आन् तुमच्यात मधली कोणची?” पोरगं गोंधळलं. तिनं मला फोन करून हे सांगितलं आणि दोघी पोट धरून हसलो. तो आमचा शेवटून दुसरा फोन. शेवटच्या फोनवर ती औषधांबद्दल बोलली. तो मला लिहावासा वाटत नाही.

पूर्णेच्या बाकावर आम्ही कायम दोन टोकांना बसायचो आणि मध्ये डबा, पिशव्या, चिंचोके. लाकडी बाक जाऊन सिमेंटचा आला, तरी बसण्याची रीत तीच. कुणी प्रवासी येऊन उभा राहिला की वत्सला लगेच पिशवी उचलून मांडीवर घ्यायची. “बसा की. तुमच्यासाठीच ठेवलीया.” मला कधीकधी राग यायचा. वर्षातून एकदा भेटतो आम्ही, त्यात हा कोण परका मध्ये! ती नुसती हसायची आणि त्या परक्याला त्याचं गाव विचारायची.

गेल्या रविवारी सुजाताचा फोन आला. “मावशी, पूर्णेला येता का? आईचा रविवार हाय.” गेले. ती हिंगोलीकडून आली, मी परभणीकडून. तिला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ती जाऊन बरोबर बाकाच्या त्या टोकाला बसली. मी या टोकाला. तिनं डबा मध्ये ठेवला, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, आणि मग डब्याच्या पलीकडची, वत्सलाची पिशवी असायची ती हातभर मोकळी जागा दोघींनीही पाहिली. तेवढ्यात एक बाई आली, कडेवर लेकरू, हातात गाठोडं, घामानं भिजलेली. “मावशी, हितं कोनी बसलंय का?” माझ्या तोंडावर आलं होतं, हो, बसलंय. जागा आहे ती एकीची. आणि त्याच वेळी मला तीन नंबर आठवली, न येणाऱ्या साहेबासाठी दिवसदिवस मुकी ठेवलेली. मी डबा उचलून मांडीवर घेतला.

“बसा की,” मी म्हणाले. “तुमच्यासाठीच ठेवलीया.”